बिघडलेला मुलगा पाहिजे

कोणत्याही प्रगत गावाला तीन गोष्टी लागतात : पाण्याची टाकी, दूध संस्था आणि एक बिघडलेला मुलगा. पहिल्या दोन्हींसाठी शासनाच्या योजना आहेत. तिसरी गोष्ट मात्र गावाला स्वतःच्या हिमतीवर उभी करावी लागते.

या तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व अजून म्हणावं तसं कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. बिघडलेला मुलगा नसेल तर वडीलधाऱ्यांनी सकाळी कट्ट्यावर बसून बोलायचं कशावर? शाळेत पाहुणे बोलावले तर त्यांनी बोट कुणाकडं करायचं? कीर्तनात बुवा दोन्ही हात वर करून ‘अरे तरुणा!’ अशी हाक मारतात, तेव्हा तो तरुण मांडवात कुठंतरी असायला नको का? (आमच्याकडं कीर्तनाच्या श्रोत्यांचं सरासरी वय एकसष्ट आहे. ‘अरे तरुणा’ म्हटलं की सगळे पेन्शनर माना खाली घालतात. बुवांनाही मग पुढं रागावता येत नाही.)

तर ही उणीव आमच्या गावाला प्रकर्षानं जाणवली ती १९९९ सालच्या जानेवारीत. आमचं गाव कागल आणि बिद्रीच्या मधे, रस्त्याला लागून. त्या महिन्यात तालुक्याच्या सांस्कृतिक महोत्सवाचं पत्रक आलं. गावोगावच्या मंडळांनी स्वतः काढलेल्या व्हिडिओ चित्रपटांची स्पर्धा होती. विषय दिलेला होता : ‘किशोरवयीन मुलगा आणि त्याचे कुटुंब : समस्या व उपाय’. नियम एकंदर नऊ. त्यातला चौथा असा, की चित्रपटात समस्या असणं बंधनकारक आहे. पाचवा असा, की ती शेवटी सुटणं बंधनकारक आहे. सहाव्या नियमाप्रमाणं या दोहोंच्या मधे किमान पंचेचाळीस मिनिटं जायला हवी होती.

आमच्या भजनी मंडळानं त्याच आठवड्यात चित्रपट समिती नेमली. अध्यक्ष आणि दिग्दर्शक म्हणून हंबीररावतात्यांची निवड एकमतानं झाली. तात्या साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. चित्रपटाचा अनुभव असलेला गावातला एकमेव माणूस. ऐन तारुण्यात कोल्हापूरच्या स्टुडिओत एका लढाईच्या चित्रात त्यांनी मेलेल्या मावळ्याचं काम केलं होतं. डावीकडून तिसरे. ‘ह्यो हालत न्हाई, चांगला हाय,’ असं खुद्द दिग्दर्शक म्हणाल्याचं तात्या गेली छत्तीस वर्षं सांगत आले आहेत. कथा-संवाद माझ्याकडं आले, कारण कीर्तनाची टिपणं असलेल्या अकरा वह्या माझ्या घरी आहेत आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यात सापडते. कॅमेरा कागलच्या प्रसेनजीत कांबळेचा. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याच्या कॅमेऱ्याशिवाय लागत नसे. चित्रपटाचं नाव ठरलं : ‘लेका, घराकडं बघ’.

अडचण एकच होती. लेक नव्हता.

म्हणजे गावात मुलगे भरपूर. पण बिघडलेला, आणि तो सुद्धा समितीपुढं येऊन सिद्ध करून दाखवील असा, पाहिजे होता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘बिघडलेला मुलगा पाहिजे. वय १५ ते १७. पालकांनी मुलासह उपस्थित राहावे.’ सव्वीस पालक आले. आदल्या दिवसापर्यंत यातल्या प्रत्येकाचा मुलगा गुणी होता, याची नोंद घेतली पाहिजे.

सर्वांत पुढं जोतीराम. त्यानं पोराला कानाला धरून उभं केलं. “तंबाखू खातोय, उलट बोलतोय. परवा मला म्हटला, तुमाला काय कळतंय. ह्याच्यापेक्षा वंगाळ पोरगं तुमाला कागल तालुक्यात मिळायचं न्हाय, लिहून घ्या.” समितीनं मुलाला चार पावलं पुढं बोलावलं. पोरगं आलं ते थेट वाकून तात्यांच्या पाया पडलं. अर्ज तिथंच बाद. जोतीरामनं त्याला घरी जाईपर्यंत बदडलं. चारचौघांत इज्जत घालवलीस म्हणत होता.

बाळासोचा मुलगा दहावीला तीनदा बसलेला, म्हणजे कागदावर भक्कम उमेदवार. पण चौकशीअंती तो पहाटे उठून दोन म्हशींची धार काढतो असं निघालं. बनाबाईंनी आपला नातू चोर असल्याचं छातीठोकपणे सांगितलं.

“काय चोरतोय?” तात्यांनी विचारलं.

“गूळ.”

“कुणाचा?”

“आमचाच की.”

घरच्या घरात घेतलेल्या वस्तूला चोरी न म्हणता वारसा म्हणतात, असा निर्णय देऊन समितीनं त्यांनाही परत पाठवलं. बनाबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी आले गणपतराव. कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला. उसाच्या गाडीकडं नुसतं बघून वजन सांगणारा माणूस. बरोबर त्यांचा मुलगा विश्वजित, वय सोळा, कागलच्या कॉलेजात अकरावी सायन्सला. त्याला दहावीला एकसष्ट टक्के पडले होते. गणपतरावांनी निकालाआधीच गावभर ‘नव्वदच्या खाली येत न्हाय’ म्हणून सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं, आठ महिने. घरातला सगळा व्यवहार विश्वजितची आई शालनवहिनी यांच्यामार्फत चाले. ‘शालन, तुझ्या पोराला सांग, पंखा बंद कर म्हणावं.’ पोरगा तिथंच पंख्याखाली बसलेला असे. शालनवहिनी भाकरी थापता थापता म्हणत, ‘विश्वा, पंखा.’ मग पंखा बंद होई. व्यवस्था उत्तम होती. फक्त कधी शालनवहिनी माहेरी गेल्या की घरातला पंखा तीन-तीन दिवस फिरत राही.

समितीनं विश्वजितची कसून तपासणी केली. केस : दहापैकी दहा. दार लावून बसणे : पंधरापैकी पंधरा. वडिलांशी न बोलणे : पंचवीसपैकी पंचवीस. कोणताही प्रश्न विचारला असता ‘काय न्हाई’ असे उत्तर देणे : वीसपैकी वीस. राहिलं व्यसन, तीस गुणांचं. मुलाच्या हाताला काळं लागलेलं, बोटांवर बारीक बारीक कापल्याच्या खुणा आणि अंगाला वार्निशसारखा उग्र वास. व्यसन आहे याबद्दल समितीत दुमत नव्हतं. कोणतं ते मात्र कुणाला ओळखता येईना, म्हणून नऊ गुण कापून एकवीस दिले. बेरीज झाली एक्याण्णव.

तात्यांनी आकडा वाचला आणि गणपतराव ताडकन उठून उभे राहिले. “बघा! मी म्हणत होतो का न्हाई? पोरगं नव्वदच्या वर जाणार म्हणून?” त्यांचे डोळे भरून आले. जूनपासून राहिलेले पेढे त्यांनी त्या दिवशी वाटले. विश्वजितलाही शालनवहिनींमार्फत एक मिळाला.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकतो. विश्वजित ऑगस्टपासून कॉलेजात जात नव्हता. त्याला सायन्स कळत नव्हतं. पहिल्या चाचणीत फिजिक्सला पंचवीसपैकी चार आले, तेव्हा तो उठला आणि कागलच्या एस.टी. स्टँडमागं सयाजी मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसला. तिथं विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरल्या जातात. तांब्याची तार, चिकटपट्टी, वार्निश. महिनाभर नुसता बघत होता. दुसऱ्या महिन्यात मिस्त्रींनी हातात पक्कड दिली. दिवाळीपर्यंत पाच हॉर्सपॉवरची मोटार तो एकटा भरू लागला. आणि मे महिन्यात त्याला कोल्हापुरात खोली घेऊन बारावीच्या क्लासला टाकायचं गणपतरावांनी नक्की केलं होतं. त्याआधी त्याला वडिलांना एवढंच सांगायचं होतं, की आप्पा, मला सायन्स नको, मला ह्यात हात चालतोय.

(हे आम्हांला फार उशिरा कळलं. त्यानं तीनदा प्रयत्न केला होता म्हणे. पहिल्यांदा काट्यावर गेला, तर गाड्या लागल्या होत्या. दुसऱ्यांदा घरी गाठलं, तर बातम्या लागल्या होत्या. तिसऱ्यांदा कीर्तनाच्या मांडवात वडिलांच्या शेजारी येऊन बसला आणि ‘आप्पा’ म्हणाला, तर बुवा आईबापांच्या थोरवीवर बोलत होते. आम्ही चारही बाजूंनी त्याला ‘श्श’ केलं.)

असो. मूळ पदावर येऊ.

नायक मिळाला. आईबापाचं काम खऱ्या आईबापांनाच द्यावं असं ठरलं, कारण घर त्यांचंच वापरायचं होतं. परंतु लवकरच ध्यानात आलं, की एक्याण्णव गुण मिळूनही मुलाला बिघडता काही येत नाही. सिगारेट ओढायला दिली तर धूर नाकात जाऊन अर्धा तास खोकला. मग त्याला शिकवायची जबाबदारी हंबीररावतात्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली. प्रात्यक्षिक दाखवता दाखवता तात्यांनी तीन दिवसांत सहा पाकिटं संपवली. तात्या आजही ओढतात. मुलगा शिकला नाही.

वडिलांना उलट उत्तर देण्याचा प्रसंग तर फारच जड गेला. मी वाक्य लिहून दिलं होतं : ‘तुम्ही माझ्यासाठी केलंत तरी काय?’ पोरगं म्हणे, “न्हाई म्हणवत.”

“का रं?”

“केलंय की त्यांनी. माझी सायकल, दवाखाना. असं कसं म्हणू?”

“आरं, तू बिघडलेला हाईस,” तात्या ओरडले. “बिघडलेलं पोरगं हिशोब ठेवतंय व्हय?”

अखेर ते वाक्य पाठमोरं चित्रित करून त्याला बाळासोचा आवाज देण्यात आला. बाळासोला हे वाक्य फार सहज जमलं. त्याचे वडील बाजूलाच बसले होते, ते उठून गेले.

चित्रीकरणाची आमची पद्धत शास्त्रशुद्ध होती. भजनी मंडळाचा चित्रपट म्हटल्यावर टाळकऱ्यांना डावलून चालणार नव्हतं. कीर्तनात बुवांच्या मागं टाळकरी उभे राहतात, तसे सहा टाळकरी प्रत्येक प्रसंगात विश्वजितच्या मागं ओळीनं उभे राहतील, असा ठराव झाला. त्यामुळं पानपट्टीमागं लपून सिगारेट ओढणारा मुलगा, आणि त्याच्या मागं फेटे बांधून सहा माणसं टाळ वाजवत ‘ओढू नको रे, ओढू नको’ म्हणत आहेत, असं एक अत्यंत प्रभावी दृश्य तयार झालं. त्यातले चौघे अधूनमधून पानपट्टीवरून तंबाखू घेत होते, पण ते प्रसंगाला धरूनच होतं.

प्रसेनजीतची मात्र एक मर्यादा होती. त्याला रडणं एकाच प्रकारचं माहीत होतं : मुलीच्या पाठवणीचं. मुलगा घर सोडून पळून जातो तो प्रसंग आला, तेव्हा त्यानं सवयीनं सगळ्या बायकांना दारात उभं केलं, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि म्हणाला, “हां, आता पाया पडा एकेकाच्या.” विश्वजित मुकाट्यानं ओळीनं सर्वांच्या पाया पडला. बायकांनीही सवयीनं हंबरडा फोडला. कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. बनाबाई रडता रडता म्हणाल्या, “जपून ऱ्हा बाळा, सासू बोलली तर उलट बोलू नगंस.” घरातून रागानं पळून जाणाऱ्या मुलाला गाव वेशीपर्यंत पोचवायला गेलं. एवढा सुसंस्कृत पळून जाण्याचा प्रसंग आजवर पडद्यावर आला नसावा.

“तात्या,” संध्याकाळी कॅमेरा पिशवीत भरताना प्रसेनजीत म्हणाला, “लग्नात रडा म्हणून सांगाय लागत न्हाई. हितं पण सांगाय लागलं न्हाई. पर पोरगं एकटंच रडलं न्हाई बघा. ते तुमच्याकडं बघत हुतं.”

“अभिनयात कच्चा हाय अजून,” तात्या म्हणाले.

याच दिवसांत एक चमत्कारही घडला. दुःखाच्या प्रसंगी शालनवहिनींचा पदर उडावा म्हणून तालमीतला उभा पंखा आणला होता. चार दिवस सतत दुःखच चालल्यानं तो जळला. विश्वजितनं तो हुंगला, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, “वाइंडिंग गेलंय. उद्या आणतो.” दुसऱ्या दिवशी आणला. पंखा पूर्वीपेक्षा जोरात फिरत होता आणि त्याला वार्निशचा ताजा वास येत होता. सगळे थक्क झाले. तात्या म्हणाले, देव आपल्या पाठीशी आहे. मलाही ते मनापासून पटलं. आम्ही पंख्यापुढं नारळ फोडला. खोबरं विश्वजितलाही दिलं. कुणी दिलं, का दिलं, त्यालाच का दिलं, हे आम्ही कुणीच स्वतःला विचारलं नाही. भक्तीत शंका घ्यायची नसते.

शेवटचा प्रसंग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपतरावांच्या घराच्या पुढच्या सोप्यात. नियम क्रमांक पाचची पूर्तता इथं व्हायची होती. मी लिहिलेलं असं : मुलगा वडिलांच्या पायाशी बसतो, ‘आप्पा, मी चुकलो, आता मी खूप अभ्यास करीन’ म्हणतो, वडील ‘ऊठ बाळा’ म्हणतात, टाळकरी गजर करतात, काल्याच्या लाह्या वाटल्या जातात. (काल्याशिवाय शेवट ही कल्पनाच मला सहन होत नाही.) सगळं गाव अंगणात लोटलं होतं.

प्रसेनजीतनं हात वर केला. विश्वजित वडिलांच्या पुढ्यात बसला. बोटांवरचं वार्निश नखानं खरवडू लागला. टाळकऱ्यांतला एक हळूच म्हणाला, “मी चुकलो.” त्याला आठवण करून द्यायची होती.

“आप्पा,” विश्वजित म्हणाला, “मी कॉलेजला जात न्हाई.”

हे वाक्य माझ्या वहीत नव्हतं. मी पान उलटून बघितलं.

“ऑगस्टपास्नं न्हाई गेलो. मला त्यातलं काय कळत न्हाई, आप्पा. मी सयाजी मिस्त्रीकडं मोटारी भरतोय. मला ते येतंय. मला कोल्हापूरला नका घालवू.”

गणपतरावांच्या तोंडून माझं ‘ऊठ बाळा’ काही निघालं नाही. मग ते फार बारीक आवाजात म्हणाले, “आरं... मग मला आधी का न्हाई सांगितलंस?”

“तीनदा आलतो की सांगाय.”

“कवा?”

“काट्यावर आलतो. तुमी नुसता हात वर केला, गाड्या लागल्या हुत्या.”

गणपतरावांनी हात पुढं केला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची बोटं हातात घेऊन एकेका खुणेकडं बघू लागले. “ह्ये तारेनं कापलंय व्हय?” त्यांनी विचारलं. “व्हय,” पोरगा म्हणाला. शालनवहिनींच्या हातातलं लाह्यांचं ताट तसंच राहिलं. मधे बोलायला कुणी त्यांना सांगत नव्हतं आणि काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

आणि इतक्यात आम्ही टाळ्या वाजवल्या.

कुणी सुरुवात केली ते सांगता येत नाही. मी नव्हतो असं म्हणवत नाही. अख्खं अंगण टाळ्या वाजवत होतं, टाळकऱ्यांनी गजर सुरू केला, तात्या डोळे पुसत धावले आणि त्यांनी विश्वजितला उचलून घेतलं. “काय काम केलंस रं लेका! काय काम केलंस!”

गणपतरावांनी टाळ्या ऐकल्या. इकडंतिकडं बघितलं. कॅमेरा बघितला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि ते मोठ्यानं हसले. “च्यायला! मला तर खरंच वाटलं!”

“आप्पा, खरंच हाय,” विश्वजित म्हणाला.

“बघा बघा,” तात्या लोकांना म्हणाले, “अजून भूमिकेतनं भाईर येईना!”

पुन्हा टाळ्या. मग काला.

त्यानंतरची प्रगती वेगानं झाली. चित्रपटाला महोत्सवात पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी शेरा दिला : ‘शेवटचा प्रसंग विलक्षण खोटेपणाविरहित. संवादलेखकाचे विशेष अभिनंदन.’ (मी आभार मानले. पुढंमागं बघून मानले, पण मानले.) चैत्रातल्या सप्ताहात दिवेलागणीला मारुतीच्या देवळापुढं दोन टीव्ही लावून खेळ झाला. एक पुरुषांकडं, एक बायकांकडं. बायकांकडच्या टीव्हीत रंग नव्हता, तरी त्या जास्त रडल्या. प्रमुख पाहुणे म्हणून विश्वजितच्या कॉलेजचे प्राचार्य आले होते. आमचं कॉलेज न आवडणाऱ्या मुलाची कल्पना करणं हीच मोठी प्रतिभा आहे, असं ते म्हणाले. ‘आमच्या या नियमित विद्यार्थ्यानं’ अशी त्यांनी भाषणात सात वेळा सुरुवात केली. पुढं अकरावीच्या परीक्षेला विश्वजित बसलाच नाही, तेव्हा तो चित्रीकरणात गुंतला असणार असं धरून कॉलेजनं त्याला वरच्या वर्गात ढकललं. गणपतरावांचा ‘आदर्श पिता’ म्हणून शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. आदर्श पित्यासाठी उमेदवार एकच असल्यानं निवड बिनविरोध होती.

एवढं सगळं होऊनही बापलेकांच्या नात्यात काहीच फरक पडला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गणपतरावांना मुलगा मनापासून आवडू लागला. त्यांनी कॅसेट घरी आणली, व्हीसीआर भाड्यानं घेतला आणि रोज संध्याकाळी पाव्हण्यारावळ्यांना बोलावून शेवटचा प्रसंग ते दाखवू लागले. ‘आप्पा, मी कॉलेजला जात न्हाई’ हे वाक्य आलं की ते मांडीवर थाप मारत. ‘तीनदा आलतो की सांगाय’ला रुमाल काढत. एप्रिलअखेर त्यांनी तो प्रसंग सदुसष्ट वेळा बघितला, आणि सदुसष्टही वेळा रडले.

कोल्हापूरला जायच्या आदल्या संध्याकाळी शाहूवाडीकडचे पाहुणे आले होते. कॅसेट चालू होती. ट्रंक भरून झाल्यावर विश्वजित सोप्याच्या दारात येऊन उभा राहिला.

“आप्पा, उद्या जायच्या आधी एक सांगायचं हुतं—”

गणपतरावांनी टीव्हीवरची नजर न काढता हात वर केला. “थांब रं जरा. तू काय बोलतोयस ते ऐकू दे की पाव्हण्यांना.”

विश्वजित थांबला. पडद्यावरचा विश्वजित बोलून संपला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दारातला तोवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो ट्रंक घेऊन निघाला आणि कागलला उतरला. कोल्हापूरच्या क्लासवाल्यांनी फी मिळाल्याचं पत्रानं कळवलं. मुलगा मिळाल्याचं कळवायची पद्धत त्यांच्याकडं नाही. शालनवहिनींना मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं असावं, कारण त्या दर सोमवारी कागलच्या बाजाराला जाऊ लागल्या, आणि जाताना भाकऱ्या जास्त असत. तिथं मायलेकरं दुकानाच्या पायरीवर बसून जेवत. काय बोलत ते माहीत नाही. बाजूनं गेलेला बाळासो सांगत होता, पोरगंच बोलत होतं, आई नुसती ऐकत होती, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास गणपतरावांच्या विहिरीवरची मोटार जळली. त्यांनी ती बाळासोबरोबर कागलला धाडली. तीन दिवसांत परत आली. गणपतरावांनी बटण दाबलं, आवाज ऐकला, पाण्याची धार बघितली आणि खूश होऊन शालनवहिनींना म्हणाले, “असा हात आजकाल बघाय मिळत न्हाई. कुणाचं पोरगं हाय कुणास ठाऊक. पर बापाचं नाव काढील बघ.”

“व्हय,” शालनवहिनी म्हणाल्या. “बापाला सांगाय पायजे कुणीतरी.”

“सांगाय पायजे,” गणपतराव म्हणाले, आणि कॅसेट लावायला आत गेले.

तर अशी ही हकिगत. इथवर तुम्ही ती मन लावून वाचलीत, चारदोन ठिकाणी हसलात, आणि असल्या बापाला काय म्हणावं असंही मनात म्हणालात. आम्ही आभारी आहोत. मघाशी तुम्ही वाचत असताना कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं होतं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, आणि तुम्ही पानावरची नजर न काढता नुसता हात वर केलात, तेवढं पान संपू दे म्हणून.

पान संपलं. दारात बघा, कुणी आहे का.